शीर्षकातला एक शब्द: व्यायाम, हिस्टामाइन आणि ‘इसेन्शियल’

पेपर हातात घेतला की आपण आधी शीर्षक वाचतो आणि बऱ्याचदा तेच डोक्यात धरून पुढे जातो. आज एक चांगला पेपर घेऊ आणि त्याच्या शीर्षकातला एकच शब्द तपासू.

2021 साली ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये बेल्जियममधल्या घेंट विद्यापीठातल्या गटाचा हा पेपर आला. शीर्षकाचा दावा असा: नियमित व्यायामाला शरीर जो प्रतिसाद देतं, त्यासाठी हिस्टामाइनचे एच1 आणि एच2 रिसेप्टर ‘इसेन्शियल’ आहेत.

हिस्टामाइन म्हटलं की आपल्याला शिंका आणि अंगावर उठणारं पित्त आठवतं. पण व्यायामात वापरलेल्या स्नायूंमध्येही ते सुटतं, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि व्यायाम थांबल्यावर दोनेक तास रक्तपुरवठा वाढलेला राहतो. अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठातल्या संशोधकांनी हे आधीच दाखवलं होतं. घेंटच्या गटाचा प्रश्न पुढचा होता: या संदेशाशिवाय शरीर सुधारतं का?

त्यासाठी सहा आठवडे सायकलवर इंटरव्हल ट्रेनिंग. एका गटाला फेक्सोफेनाडिन (ॲलर्जीची गोळी) आणि फॅमोटिडिन (ॲसिडिटीची), दुसऱ्याला प्लासिबो. गोळ्या घेणाऱ्यांमध्ये व्यायामक्षमता, साखरेचं नियंत्रण, रक्तवाहिन्यांचं काम, सगळ्यातच सुधारणा कमी झाली. नुसता सहसंबंध न दाखवता माणसांमध्ये थेट हस्तक्षेप करून पाहिला, ही या पेपरची खरी ताकद.

आता अडचण. गोषवाऱ्यात या सुधारणांसाठी शब्द आहे ‘ब्लंटेड’, म्हणजे बोथट. बोथट विळीने भाजी चिरली जाते, फक्त नीट नाही. ‘इसेन्शियल’चा अर्थ मात्र, त्याशिवाय होतच नाही. शिवाय दोन्ही रिसेप्टर एकदमच अडवलेत, त्यामुळे कोणाचा वाटा किती, ते यातून कळत नाही. आणि गोळी फक्त स्नायूत जात नाही, अंगभर फिरते. म्हणून ‘स्नायूतल्या हिस्टामाइनमुळेच’ असंही म्हणता येत नाही.

डोसही बघा. फेक्सोफेनाडिन 540 मिलिग्रॅम दिलं होतं. ॲलर्जीसाठी दिवसाला साधारण 120 किंवा 180 देतात. म्हणजे हा पेपर दाखवून ॲलर्जी असलेल्या मित्राला ‘गोळी बंद कर’ सांगायला जाऊ नका. तसं यात सिद्ध झालेलं नाही.

उद्या आपणही शीर्षकं लिहिणार आहोत. तोवर एक सवय लावून घ्या: शीर्षकातलं विशेषण आणि निकालातलं क्रियापद वहीत शेजारीशेजारी लिहा. दोन्ही जुळतात का, ते बघा.