पडद्यावरची उपस्थिती आणि उतारशाळा

२०२० सालच्या मार्च महिन्यात टाळेबंदी लागली आणि चर्चची दारे बंद झाली. त्या वर्षी १२ एप्रिलला आलेला ईस्टर आपल्यापैकी बहुतेकांनी घरात बसूनच साजरा केला. कितीतरी घरांत तेव्हा एकच दृश्य होते : आल्तारावर मेणबत्ती लावलेली आणि क्रुसाच्या पायाशी, भिंतीला टेकवून ठेवलेला नातवाचा मोबाईल. आजी त्यासमोर गुडघे टेकून मिस्सा ऐकत असे आणि फादरांनी आशीर्वाद दिला की पडद्याकडे पाहून क्रुसाची खूण करीत असे. त्या भक्तीला हसण्याचे धाडस कोणी करू नये. परंतु पुढे दारे उघडली तेव्हा आजी पूर्वीसारखीच पायी चालत चर्चला जाऊ लागली. नातू मात्र मोबाईलजवळच राहिला. ‘मिस्सा इथेही दिसतेच की!’ हे त्याचे उत्तर. या उत्तरावर आपण काय बोलणार, हा आज प्रत्येक धर्मग्रामापुढचा प्रश्न आहे.

या प्रश्नाच्या अनुषंगाने एका दस्तऐवजाचे परीक्षण येथे करावयाचे आहे. व्हॅटिकनच्या संपर्क विभागाने ‘टुवर्ड्स फुल प्रेझेन्स’, म्हणजे ‘पूर्ण उपस्थितीच्या दिशेने’, या शीर्षकाचे एक मेषपालीय चिंतन प्रकाशित केले. त्यावर २८ मे २०२३ हा दिनांक आहे. तो दिवस पेंटेकॉस्टचा, पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण होता. समाजमाध्यमांत ख्रिस्ती माणसाने कसे वागावे, हा त्याचा विषय.

प्रसारमाध्यमांकडे पाहण्याची ख्रिस्तसभेची दृष्टी काही काल-परवा तयार झालेली नाही. १२ फेब्रुवारी १९३१ रोजी अकरावे पायस यांनी मार्कोनी यांनी उभारलेल्या व्हॅटिकन रेडिओवरून जगाला उद्देशून भाषण केले. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी मंजूर केलेल्या पहिल्या दोन दस्तऐवजांपैकी एक, ‘इंतेर मिरिफिका’, प्रसारमाध्यमांविषयीच होता. इंटरनेटवरील आभासी अनुभव हा ख्रिस्तशरीर संस्कारातील खऱ्या उपस्थितीला पर्याय होऊ शकत नाही, असे व्हॅटिकनने २००२ सालीच स्पष्ट केले होते. म्हणजे आपल्या त्या नातवाला तत्त्वतः उत्तर फार पूर्वी दिले गेले आहे. प्रश्न उरतो तो हे उत्तर त्याच्या कानांपर्यंत कोणी आणि कोणत्या भाषेत पोहोचवायचे, हा.

२०२३ च्या चिंतनाचे पहिले श्रेय असे, की ते ‘या जगात जावे की न जावे’ हा जुना वाद बाजूला ठेवते. आपण तेथे पोहोचलोच आहोत. आता तेथे कसे राहावे, एवढेच ते विचारते. त्याचे दुसरे श्रेय वाङ्मयीन आहे. संपूर्ण विवेचन त्याने दयाळू शमरोन्याच्या दाखल्याभोवती गुंफले आहे. यरुशलेमहून यरीहोला जाणारा रस्ता म्हणजे आजचे डिजिटल महामार्ग. तेथे लुटारू आहेत, जखमी आहेत, आणि पाहून न पाहिल्यासारखे करून पुढे जाणारेही आहेत. ‘माझा शेजारी कोण?’ असे शास्त्र्याने विचारले आणि ‘तू कोणाचा शेजारी झालास?’ या प्रश्नाकडे येशूने त्याला वळवले. मोबाईलवर ओळखीपाळखीच्या हजार नावांची यादी बाळगणाऱ्या माणसाला हा प्रश्न आजही तितकाच बोचतो. पडद्यातून जेवणाच्या पंगतीला बसता येत नाही, अशा अर्थाचे एक साधे विधान या चिंतनात आहे. ख्रिस्तशरीर संस्काराविषयीची पुष्कळ चर्चा या एका घरगुती निरीक्षणाने सोपी होते.

तथापि, या लेखनाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. त्याची भाषा कार्यालयीन आहे. सिद्धान्त भरपूर, पण हाडामांसाचा धर्मग्राम त्यात क्वचितच दिसतो. दुसरे असे, की मायबोलीचा प्रश्न त्याच्या केंद्रस्थानी नाही. इंग्रजी किंवा स्पॅनिश बोलणाऱ्या कॅथलिकाला हा प्रश्न कदाचित जाणवणारही नाही. आपल्याकडे मात्र सारे त्यावरच अडून बसते.

याचे कारण एका यशस्वी उदाहरणावरून ध्यानी येईल. अमेरिकेतील डुलुथ धर्मप्रांताचे धर्मगुरू फादर माईक श्मिट्झ यांनी १ जानेवारी २०२१ रोजी ‘द बायबल इन अ इयर’ हा ध्वनिमुद्रित कार्यक्रम सुरू केला आणि अल्पावधीतच तो अमेरिकेतील पॉडकास्टांच्या यादीत अग्रस्थानी पोहोचला. त्याची घडण पाहा. रोज बायबलमधील काही उतारे मोठ्याने वाचायचे, प्रार्थना करायची आणि थोडक्यात अर्थ सांगायचा. पुस्तकांचा छापील क्रम सोडून तारणाच्या इतिहासाचा क्रम धरल्यामुळे ऐकणाऱ्याच्या हाती कथेचा धागा राहतो. चमत्कृती काहीच नाही. वर्षभर रोज ठरलेल्या वेळी आपल्यासाठी कोणीतरी वाचीत आहे, हा विश्वास हेच त्या यशाचे रहस्य. आपल्या घरांतील कित्येक तरुण हा कार्यक्रम ऐकतात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण तो ते इंग्रजीत ऐकतात आणि आजीला त्यातले एक अक्षरही सांगू शकत नाहीत. एका घरात दोन पिढ्या दोन भाषांत प्रार्थना करू लागल्या, तर संध्याकाळच्या रोझरीला त्यांनी एकत्र यायचे कसे?

येथे आपल्याच परंपरेतील एका ग्रंथाची आठवण होते. गोव्यात छापखाना आला १५५६ साली. इंग्लंडहून येशूसंघात दाखल होऊन १५७९ साली गोव्याला आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. जुनी पुराणे हिरावली गेल्यावर आम्ही वाचावे काय, असा नवख्रिस्ती माणसाचा सवाल त्यामागे आहे. त्या काळच्या पोर्तुगीज राजवटीची कठोर बाजू त्यात उघड दिसते आणि ती झाकू नये. देवनागरी खिळे हाताशी नव्हते म्हणून ग्रंथ रोमन लिपीत निघाला. फादर स्टीफन्स यांनी लिपीची तडजोड केली, भाषेची केली नाही. रविवारी आणि सणांच्या दिवशी चर्चमध्ये त्या ओव्या गायल्या जात. ज्याला अक्षर येत नसे त्यालाही त्या कानांनी मिळाल्या. शिवाय ग्रंथात श्रोते शंका काढतात आणि गुरू त्यांचे निरसन करतात. नवे माध्यम, आपली भाषा आणि उत्तर देणारा माणूस यांचा असा मेळ चारशे वर्षांपूर्वी बसला होता.

आज आपली परिस्थिती काहीशी तशीच आहे. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या आपल्या मुलांना देवनागरी मजकूर वाचताना अडखळायला होते, पण बोललेली मराठी त्यांना कळते. वसईच्या घरांत सामवेदी किंवा वाडवळी बोली अजून त्यांच्या कानांवर पडते. लिपीने तोडलेला दुवा आवाज जोडू शकेल. १९०३ साली सुरू झालेल्या ‘निरोप्या’ने जे काम छापील पानांनी केले, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’मधून प्रसन्न मराठीत जे करून दाखवले, तेच आता रोज पंधरा मिनिटांच्या वाचनाने पुढे नेता येईल. त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. स्वच्छ उच्चारांचा एक वाचक, आदल्या रात्री केलेली तयारी आणि वर्षभर न मोडणारा नेम एवढे पुरे.

प्रत्यक्षात काय दिसते? दूर कोपऱ्यात लावलेल्या कॅमेऱ्यातून घुमणारे प्रवचन. ‘हा संदेश दहा जणांना पाठवा, न पाठवल्यास संकट येईल’ अशी धमकी देणारी संतांची चित्रे. हिला भक्ती म्हणणे कठीण आहे. कोणा फादरांच्या एका वाक्याचा तुकडा कापून त्यावर उठवलेले वादळ. आणि सर्वांत वर, किती जणांनी पाहिले याचा आकडा. तो आकडा सांगतो की बोट पडद्यावर थांबले. मन थांबले की नाही, हे त्याला ठाऊक नसते.

शमरोन्याच्या दाखल्यातील उतारशाळा आपल्याला उपयोगी पडते ती येथेच. त्याने जखमा बांधल्या हे आपण नेहमी सांगतो. पण तो जखमीला उतारशाळेत घेऊन गेला, दोन दिनार दिले आणि परत येण्याचा शब्द दिला. रस्त्यावरची मदत क्षणाची होती. बरे होणे उतारशाळेत झाले. पडद्यावरचे सेवाकार्य रस्त्यावरचे आहे, धर्मग्राम ही उतारशाळा आहे. रात्री उशिरा प्रवचन ऐकून एखाद्या विधवेने खाली दोन ओळींत आपले दुःख लिहिले, तर दुसऱ्या दिवशी तिच्या दारी कोण जाणार? हे नाव ज्या धर्मग्रामाने आधी ठरवले आहे, त्यानेच खुशाल प्रक्षेपण सुरू करावे. ज्याने ठरवलेले नाही, त्याने कॅमेरा घेण्याआधी माणूस शोधावा. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी प्रक्षेपण चालू राहिलेच पाहिजे. पण मिस्सा संपल्यावर त्यांच्यापर्यंत कम्युनियन घेऊन जाणारे पाऊलही थांबता कामा नये.

कार्लो अकुतिस या मुलाचे जीवन याची साक्ष देते. १९९१ साली जन्मलेला आणि २००६ साली अवघ्या पंधराव्या वर्षी निधन पावलेला हा मुलगा ७ सप्टेंबर २०२५ रोजी संत म्हणून जाहीर झाला. ख्रिस्तशरीर संस्काराशी निगडित चमत्कारांचे प्रदर्शन त्याने संगणकावर मांडले, ही त्याची ख्याती. परंतु तो रोज मिस्सेला जात असे, हे त्या ख्यातीचे मूळ आहे. त्याच्या प्रदर्शनाचे फलक पुढे देशोदेशींच्या धर्मग्रामांत लागले आणि पडद्यावरचे काम लोकांना पुन्हा चर्चच्या दाराशी घेऊन आले.

जुलै २०२५ मध्ये रोम येथे डिजिटल सेवाकार्य करणाऱ्या कॅथलिकांचा मेळावा झाला. परमगुरुस्वामी लिओ चौदावे यांनी त्यांना जाळी दुरुस्त करीत बसलेल्या शिष्यांची आठवण दिली आणि माणसामाणसांतील नात्यांची जाळी विणा, असे आवाहन केले. आपल्या किनाऱ्यावरील कोळी बांधवांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. जाळे कितीही लांबरुंद असले तरी त्याची फाटलेली जागा शोधूनच गाठ मारावी लागते.

आपल्या धर्मग्रामात ती जागा आजी आणि नातू यांच्यामध्ये आहे. त्या नातवाच्या हातातील मोबाईल काढून घेऊन काही साधणार नाही. त्याला शुभवर्तमानाचे एक पान मराठीत मोठ्याने वाचायला सांगावे, ते ध्वनिमुद्रित करावे, आणि ज्या रविवारी ते सर्वांना ऐकवले जाईल त्या रविवारी आजीचा हात धरून त्यानेच तिला चर्चला घेऊन यावे.