५२-४८ : एकच आकडा, चार वेळा

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या नेमणुकांवरचा कुठलाही लेख उघडा, त्यात एक तक्ता हमखास सापडतो. डावीकडे न्यायमूर्तींची नावं, उजवीकडे सिनेटमध्ये पडलेली मतं. १९८६, स्कॅलिया, ९८-०. १९९३, गिन्सबर्ग, ९६-३. मग घसरत घसरत २०१८, कॅव्हनॉ, ५०-४८ आणि २०२०, बॅरेट, ५२-४८. निष्कर्षही तयार असतो: पूर्वीचे सिनेटर गुणवत्ता बघून मत द्यायचे, आताचे पक्ष बघून देतात.

या वाक्याचा दुसरा अर्धा भाग मला पटतो. पहिला अर्धा त्या तक्त्यातून निघतच नाही, आणि माझी तक्रार तेवढीच आहे. तुमच्यापैकी बरेच जण पेटच्या मुलाखतीला असाच एखादा सुबक आलेख घेऊन जाणार आहात. म्हणून हा तक्ता जरा उसवून बघू.

आधी पद्धत थोडक्यात. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेटची न्यायविषयक समिती सुनावणी घेते, मग शंभर सिनेटरांचं मतदान होतं. आपल्याकडे संसद न्यायमूर्तींच्या नेमणुकीवर मत देत नाही. कॉलेजियमच्या बंद खोलीची सवय असलेल्या आपल्याला असा उघडा आकडा मिळाला की हरखून जायला होतं. पण उघडा आकडा म्हणजे पूर्ण माहिती नव्हे.

सुरुवात स्कॅलियांच्या ९८-० पासूनच करा. हे मतदान १७ सप्टेंबर १९८६ चं. त्याच दिवशी, त्याच सिनेटमध्ये विल्यम रेनक्विस्ट यांच्या सरन्यायाधीशपदावरही मतदान झालं आणि ते ६५-३३ असं फुटलं. दोघंही कट्टर रूढीवादी, दोघंही रेगन यांनीच सुचवलेले. म्हणजे त्या दिवशी सिनेट पक्षविचार विसरलं होतं असं नाही. विरोधकांनी आपला सगळा दारूगोळा रेनक्विस्ट यांच्यावर खर्च केला आणि स्कॅलिया त्यांच्या सावलीतून निघून गेले. तक्त्यात मात्र ९८-० ही ओळ सद्भावनेचा पुरावा म्हणून मिरवते.

पुढच्याच वर्षी रॉबर्ट बोर्क आले. स्कॅलियांसारखेच वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयातले, विचारांनीही त्यांच्या बरेच जवळचे. निकाल ४२-५८, नामंजूर. 'इथूनच सगळं बिघडलं' अशी गोष्ट सांगणाऱ्यांचं हे आवडतं वर्ष. पण एखाद्या प्रयोगात वर्षभरात उत्तर असं उलटलं, तर तुम्ही आधी काय विचाराल? मधल्या काळात आणखी काय काय बदललं, हेच ना? दोन मोठ्या गोष्टी बदलल्या होत्या. नोव्हेंबर १९८६ च्या निवडणुकीत सिनेट रिपब्लिकनांकडून डेमोक्रॅटांकडे गेलं होतं. आणि रिकामी झालेली जागा लुईस पॉवेल यांची होती. पॉवेल अनेक अटीतटीच्या निकालांत पारडं झुकवायचे. स्कॅलिया आल्यामुळे न्यायालयाचा तोल फारसा हलत नव्हता, बोर्क आले असते तर हलला असता. जागेची किंमत आणि सभागृहातलं बहुमत, दोन्ही एकदम बदलले असताना 'माणसांचा स्वभाव बदलला' हे अनुमान घाईचं आहे. (आणि बोर्क यांच्या विरोधात सहा रिपब्लिकनही होते, हे सोयीस्करपणे विसरलं जातं.)

आता शीर्षकातला आकडा. ५२-४८ हा या इतिहासात किमान चार वेळा येतो, आणि चारही वेळा त्याचा अर्थ वेगळा आहे.

१९९१ मध्ये क्लॅरेन्स थॉमस ५२-४८ ने मंजूर झाले. अनिता हिल यांनी केलेल्या लैंगिक छळाच्या आरोपांवरची ती सुनावणी अमेरिकेने टीव्हीवर पाहिली होती. तरीही मतं पक्षानुसार सरळ विभागली नाहीत. सिनेटमध्ये ५७ डेमोक्रॅट होते, म्हणजे बहुमत विरोधी पक्षाचं. त्यातल्या अकरा जणांनी थॉमस यांच्या बाजूने मत दिलं, तर दोन रिपब्लिकनांनी विरोधात. २०२० मध्ये एमी कोनी बॅरेट यांनाही ५२-४८ च मिळाली. या वेळी डेमोक्रॅटांचं एकही मत त्यांना नव्हतं आणि रिपब्लिकनांमधून एकट्या सुझन कॉलिन्स विरोधात गेल्या. बेरीज तीच, आतली रचना अजिबात वेगळी. नुसती सरासरी सांगून विखुरण लपवावं, तसंच हे.

आणखी एक फरक तर बेरजेच्या बाहेरच आहे. १९९१ मध्ये फिलिबस्टरचं हत्यार उपलब्ध होतं: चर्चा लांबवत ठेवायची आणि मतदानच होऊ द्यायचं नाही. चर्चा बंद करायला ६० मतं लागत, म्हणजे ४१ जण ठाम राहिले तर नेमणूक अडायची. थॉमस यांच्या विरोधात ४८ होते. त्यांना अडवता आलं असतं, त्यांनी अडवलं नाही. २००६ मध्ये सॅम्युएल अलिटो यांच्या वेळीही असंच: चर्चा बंद करायच्या बाजूने ७२ मतं, पण नेमणुकीच्या बाजूने ५८. अनेकांनी 'मी विरोधात आहे, पण मतदान होऊ दे' म्हटलं. हा संयम ५८-४२ या आकड्यात दिसत नाही. २०२० च्या ४८ जणांना असा पर्यायच उरला नव्हता.

कारण मधे उरलेली दोन ५२-४८ घडून गेली होती, आणि ती कुणा न्यायमूर्तींवरची नव्हतीच, नियमांवरची होती. २१ नोव्हेंबर २०१३ ला हॅरी रीड यांच्या नेतृत्वाखाली डेमोक्रॅटांनी खालच्या संघीय न्यायालयांच्या नेमणुकांसाठीची ६० ची अट ५२-४८ ने मोडून काढली. ६ एप्रिल २०१७ ला मिच मॅककॉनेल यांच्या रिपब्लिकनांनी तेच सर्वोच्च न्यायालयासाठी केलं, पुन्हा ५२-४८. दुसऱ्याच दिवशी नील गोर्सच ५४-४५ ने मंजूर झाले. न्यायमूर्तींच्या तक्त्यात यातलं फक्त ५४-४५ येतं. माझ्या मते खरी लढाई आदल्या दिवशीची होती, आणि ती कुठल्याच ओळीत नाही. मोजपट्टीच बदलल्यावर आधीची आणि नंतरची मापं एका आलेखात जोडून रेघ ओढायची, हे प्रयोगशाळेत कुणी खपवून घेईल का?

मग न झालेली मतदानं. स्कॅलिया १३ फेब्रुवारी २०१६ ला गेले. ओबामांनी १६ मार्चला मेरिक गारलँड यांचं नाव दिलं. सिनेटच्या रिपब्लिकन नेतृत्वाने निवडणूक जवळ असल्याचं कारण देत सुनावणीही घेतली नाही, आणि २९३ दिवसांनी ते नाव आपोआप बाद झालं. मत शून्य, म्हणून तक्त्यात ओळही नाही. (निवडणूक जवळ असण्याचं हे तत्त्व २०२० मध्ये कुठे गेलं ते विचारू नका. बॅरेट यांचं मतदान निवडणुकीच्या आठ दिवस आधी झालं.) म्हणजे पक्षीय अडवणुकीचं सगळ्यात टोकाचं उदाहरण पक्षीय अडवणूक मोजणाऱ्या डेटामध्ये गैरहजर. हे एकट्या रिपब्लिकनांचं पाप नाही. जॉन रॉबर्ट्स यांचं नाव १९९२ मध्ये अपील न्यायालयासाठी आलं, तेव्हा डेमोक्रॅटांच्या सिनेटमध्ये ते मतदानाविना पडून राहिलं. १९९९ मध्ये एलेना केगन यांचं नाव रिपब्लिकन सिनेटमध्ये तसंच विरलं. दोघंही पुढे सर्वोच्च न्यायालयात पोचले म्हणून निदान आपल्याला आठवतात तरी.

यावर गंभीर काम झालंच नाही असं समजू नका. ली एपस्टीन, जेफ्री सीगल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचा २००६ चा पेपर जरूर वाचा. त्यांनी १९३७ च्या ह्यूगो ब्लॅक यांच्यापासून २००५ च्या रॉबर्ट्स यांच्यापर्यंतची मतं तपासली. बोर्कनंतर विचारसरणीचं वजन वाढलं हे त्यांना मान्य आहे, पण ती वाढ त्याआधी तीस वर्षं, १९५० च्या दशकातच सुरू झाली होती असं ते दाखवतात. वर माणसाची गुणवत्ताही मतांवर अजून परिणाम करते, असंही. लोकप्रिय गोष्टीपेक्षा हे किती तरी सावध आहे. माझी अडचण त्या 'गुणवत्ते'च्या मापाशी आहे. या परंपरेत ती मोठ्या वृत्तपत्रांच्या अग्रलेखांवरून ठरवतात, नाव जाहीर झाल्यापासून मतदान होईपर्यंत छापून आलेल्या. म्हणजे ज्या धुमश्चक्रीत सिनेटर मत बनवतात, त्याच धुमश्चक्रीत संपादकही. कारण आणि परिणाम एकाच आडातून शेंदलेले. संपादक जसजसे पक्षीय होतील तसतसा हा रकाना गढूळ होत जाणार. शिवाय अभ्यासाचं एकक सिनेटरचं मत असल्यामुळे गारलँड यांच्यासारखं प्रकरण या साच्यातही बसत नाही.

तुम्हाला स्वतः हात घालायचा असेल तर सिनेटची नावनिशीवार मतं सगळ्यांना खुली आहेत. कॅव्हनॉ यांच्या मतदानापासून सुरुवात करा. रिपब्लिकन सिनेटर लिसा मर्कोव्स्की यांचा त्यांना विरोध होता. पण त्यांचे सहकारी स्टीव्ह डेन्स यांच्या मुलीचं त्या दिवशी माँटानात लग्न होतं आणि त्यांचं होकाराचं मत बुडणार होतं. मर्कोव्स्कींनी 'उपस्थित' एवढीच नोंद केली, म्हणजे एक होकार आणि एक नकार परस्पर कटले. निकाल ५०-४८. पक्षाच्या विरोधात जाणारं मत आणि सहकाऱ्याला दिलेली सवलत, दोन्ही त्या एका शब्दात आहेत. तुमच्या एक्सेल शीटमध्ये होकाराला १ आणि नकाराला ० असेल, तर मर्कोव्स्कींच्या चौकटीत काय भरायचं हे कोड लिहिण्याआधी ठरवा.