ग्रीनशील्ड्स यांची सरळ रेषा : एक परीक्षण

ब्रूस ग्रीनशील्ड्स यांचा रस्त्यांच्या वहनक्षमतेवरील निबंध १९३५ मध्ये अमेरिकेच्या हायवे रिसर्च बोर्डाच्या इतिवृत्तात प्रसिद्ध झाला. वाहनांची घनता, म्हणजे एका मैलाच्या लांबीत एकाच क्षणी असलेली वाहनसंख्या, वाढत जाते तसतसा त्यांचा वेग सरळ रेषेने उतरत जातो, हा त्यातील सिद्धान्त होय. रहदारीशास्त्राच्या अध्यापनाचा आरंभ आजही बहुधा याच रेषेपासून होतो. एवढी प्रतिष्ठा लाभलेल्या रेषेला आधार किती, हे तपासणे म्हणूनच अगत्याचे आहे.

ग्रीनशील्ड्स यांच्या पद्धतीचे श्रेय प्रथम मान्य करावयास हवे. ओहायओ राज्यातील रस्त्यांवर १६ मिलिमीटर फितीचा चलच्चित्र कॅमेरा ठेवून त्यांनी ठराविक कालांतराने चित्रे घेतली. रस्त्याचा सबंध तुकडाच चित्रात येत असल्यामुळे वाहनाने दोन चित्रांच्या दरम्यान आक्रमिलेले अंतर आणि लगतच्या वाहनांतील अंतर ही दोन्ही मोजता आली. घनता ही लांबीवर पसरलेली राशी आहे. तिचे मापन करणारी दृष्टीही लांबीवर पसरलेली असावी लागते. हे मर्म त्या पद्धतीत होते.

तथापि निरीक्षणांपासून निष्कर्षापर्यंतची वाट तितकी निर्दोष नाही. वाहनांचे १०० चे गट केले गेले, परंतु प्रत्येक पुढील गट केवळ १० वाहनांनी सरकविला होता. त्यामुळे लगतच्या दोन गटांत ९० वाहने तीच राहिली. अशा सरासऱ्या एका रेषेजवळ गोळा झाल्या तर नवल नाही. निरीक्षणे सुट्टीच्या दिवसांची होती. सर्वांत गंभीर बाब ही की, दाट रहदारीच्या बाजूस एकच बिंदू होता, आणि तोही निराळ्या रस्त्यावरचा.

या एका बिंदूवर पुढे फार मोठा भार पडला. १९५५ मध्ये लाइटहिल व व्हिटम यांनी आणि १९५६ मध्ये रिचर्ड्स यांनी रहदारीचा तरंगसिद्धान्त मांडला. त्यानुसार कोंडी किती वेगाने मागे सरकते, हे प्रवाह व घनता यांच्या आलेखाच्या दाट बाजूकडील उतारावरून ठरते. वेगाची रेषा सरळ मानली, तर पूर्ण ठप्प रहदारीतील तरंग मोकळ्या रस्त्यावरील वेगाइतक्याच वेगाने मागे जावयास हवा. मोकळा वेग ताशी ६० किलोमीटर असल्यास तोही ताशी ६० किलोमीटर! प्रत्यक्षात असे तरंग ताशी सुमारे १५ ते २० किलोमीटर वेगानेच मागे सरकताना आढळतात. ज्या बाजूस निरीक्षणे नव्हती, तिथेच रेषा उघडी पडते.

उत्तरकालीनांनी रेषा तेवढी स्वीकारली, पद्धत मात्र सोडून दिली. रस्त्याच्या एका बिंदूवर वाहने मोजावयाची, आणि प्रवाहाला सरासरी वेगाने भागून घनता काढावयाची, हा प्रघात पडला. समजा, तासाला ६०० वाहने ताशी ३० किलोमीटर व ६०० वाहने ताशी ६० किलोमीटर वेगाने जात आहेत. खरी घनता २० आणि १० मिळून किलोमीटरला ३०, म्हणजे सरासरी अंतर सुमारे ३३ मीटर. साधी सरासरी ४५ घेऊन भागल्यास घनता २७ हूनही कमी येते. वेगाच्या या दोन सरासऱ्यांतील भेद वॉर्ड्रॉप यांनी १९५२ मध्ये स्पष्ट केला होता. १९६३ मध्ये ईडी यांनी स्थल व काल यांच्या एका क्षेत्रावर घनतेची व्याख्या करून मापन पुन्हा लांबीकडे वळविले.

भारतीय रस्त्यांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट होतो. पुढच्या व मागच्या वाहनांतील अंतर मोजावयाचे, तर वाहने एकामागे एक असावी लागतात. पुण्याच्या वा मुंबईच्या रस्त्यावर दुचाकी, रिक्षा व बस एकमेकींच्या शेजारून, मिळेल त्या फटीतून जातात. तेथे 'पुढचे वाहन' कोणते, हेच निश्चित नसते. मल्लिकार्जुन व राव यांनी २००६ मध्ये मांडलेली क्षेत्रव्याप्तीची कल्पना, म्हणजे वाहनांनी रस्त्याचे किती क्षेत्र किती काळ व्यापले याचे मापन, येथे अधिक सयुक्तिक ठरते.

ग्रीनशील्ड्स यांचा खरा वारसा त्यांची रेषा नसून त्यांचा कॅमेरा आहे. विद्यार्थ्यांना रेषा शिकविताना तिच्यावरील बिंदूही दाखविले पाहिजेत. अन्यथा गणिताची सोय हाच रस्त्याचा नियम ठरेल.