मारिएंटाल अभ्यास

मारिएंटाल अभ्यास : बेकारीच्या सामाजिक-मानसिक परिणामांचे ऑस्ट्रियातील एक अभिजात संशोधन. व्हिएन्नाजवळच्या मारिएंटाल या गावातील कापडगिरणी १९२९–३० मध्ये बंद पडली आणि तेथील ४७८ कुटुंबांपैकी सुमारे तीनचतुर्थांश कुटुंबांवर बेकारी ओढवली. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड व हान्स त्साइझेल यांचा या पाहणीवरील ग्रंथ १९३३ मध्ये जर्मन भाषेत व १९७१ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. दीर्घकालीन बेकारी माणसाला बंडाकडे नव्हे, तर निष्क्रियतेकडे नेते, हा त्याचा मुख्य निष्कर्ष. समाजवादी विचारांच्या लेखकांना तो सुखावह नव्हता. संख्यात्मक व गुणात्मक पद्धतींच्या संयोगाचा नमुना म्हणून त्याचा नेहमी निर्देश होतो. मात्र हा संयोग ग्रंथात सर्वत्र सारखा साधलेला नाही.

काळाच्या विवेचनात तो उत्तम साधला आहे. ग्रंथालयाचे शुल्क रद्द होऊनही १९२९ ते १९३१ या काळात पुस्तकांची देवघेव जवळजवळ निम्म्यावर आली. म्हणजे फुरसत वाढली आणि वाचन घटले. संशोधकांनी आडोशाला राहून रस्त्यावरील लोकांची चाल घड्याळ लावून मोजली. स्त्रिया पुरुषांच्या सुमारे दीडपट वेगाने चालत होत्या. पुरुष वाटेत पुनःपुन्हा थांबत. नुसत्या आकड्यांना कोणतेही कारण चिकटविता आले असते. गावकऱ्यांनी भरून दिलेल्या दिनक्रमाच्या तक्त्यांवरून खरा उलगडा होतो : उठणे, जेवणे व झोपणे यांखेरीज पुरुषांना नोंदण्याजोगे फारसे आठवत नाही, स्त्रियांची मजुरी गेली, तरी घरकाम सुटलेले नव्हते.

कुटुंबांच्या वृत्तींचे वर्गीकरण इतके भक्कम नाही. घरोघरी जाऊन पाहिलेल्या १०० कुटुंबांचे खंबीर, शरणागत, हताश व उदासीन असे चार गट पाडण्यात आले आणि त्यांचे मासिक उत्पन्न, कुटुंबातील खाणारी माणसे हिशेबात घेऊन, दर एककास अनुक्रमे ३४, ३०, २५ व १९ शिलिंग असे दाखविले गेले. उतरंड मोठी सुबक आहे. तथापि गट ठरविताना घराची टापटीप व मुलांची निगा पाहिली जात असे आणि या दोन्ही गोष्टी पैशावरही अवलंबून असतात. त्यामुळे वृत्ती व उत्पन्न यांचे मापन परस्परांपासून स्वतंत्र राहिले, असे म्हणणे कठीण आहे. शिवाय ही कुटुंबे गावातील अधिक हलाखीची होती. सबंध गावाची टक्केवारी म्हणून अंदाजाने दुरुस्त करून घ्यावी लागली, हे लेखकांनी लपविलेले नाही.