साखळीचा वक्र आणि नळदुर्गची कमान : ऊर्जा-प्रतिमानाच्या उपयोजनाची चिकित्सा

प्रस्तावना :
दोन खुंट्यांना टांगलेली साखळी एका ठरावीक आकारात स्थिरावते. लांबी कायम राखून शक्य असलेल्या असंख्य आकारांपैकी ज्यात गुरुत्वीय स्थितिज ऊर्जा न्यूनतम असते, तोच आकार ती धारण करते. आकार भूमितीचा, निवड ऊर्जेची, असे या प्रतिमानाचे स्वरूप आहे. हे प्रतिमान सुबोध आहे. परंतु त्यामुळेच त्याची गृहीते नजरेआड होतात. प्रस्तुत लेखात धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्ग किल्ल्याच्या संदर्भात या गृहीतांची चिकित्सा केली आहे.

विवेचन :
गॅलिलिओने १६३८ मध्ये साखळीचा आकार अन्वस्ताच्या जवळचा मानला. हायगेन्स, लायबनिझ व योहान बर्नुली यांनी १६९१ मध्ये तिचा खरा वक्र, कॅटेनरी, निश्चित केला. साखळीचा झोल खुंट्यांतील अंतराच्या दहाव्या भागाइतका असेल, तर चौथाई अंतरावर या दोन वक्रांतील फरक झोलाच्या सुमारे पाव टक्काच भरतो. म्हणजेच केवळ आकाराच्या साम्यावरून कारणाचा निर्णय करता येत नाही.

रॉबर्ट हूकने १६७५ मध्ये लटकत्या साखळीचा आकार उलटा केला की कमानीचा आकार मिळतो, हे तत्त्व अक्षरकोड्यात मांडले. साखळीत केवळ ताण असतो, कमानीत केवळ दाब. तथापि हे तत्त्व सरसकट लावणे सदोष ठरते. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या (१५८०-१६२७) काळात बोरी नदीवर पाणी महालासह बंधारा बांधला गेला, तो हूकच्या कितीतरी आधी. शिवाय आदिलशाही शैलीची कमान शिखरावर टोकदार असते; कॅटेनरीच्या शिखरावर टोक नसते. साखळीच्या मध्यावर वजन अडकवल्यास मात्र तेथे कोन पडतो. म्हणून टोकदार कमानीची तुलना करावयाची तर ती अशा भारित साखळीशीच करावी लागते.

दगडी कमान न्यूनतम ऊर्जेच्या वक्राबरहुकूम घडवावी लागत नाही. जॅक हेमन यांनी १९६६ मध्ये दाखवल्याप्रमाणे, दाबरेषा दगडकामाच्या जाडीच्या आत राहिली की कमान उभी राहते. शिखरावरील भार कमी-अधिक केला की ही रेषा सरकते. दुरुस्तीच्या वेळी आदर्श वक्राची तुलना करून चालणार नाही. जाडी आणि भार यांचाच विचार करावा लागेल.

ऊर्जेचा प्रकार बदलला की उत्तरही बदलते. लवचिक पट्टीसाठी ऑयलरने १७४४ मध्ये वक्रतेच्या वर्गाचे संकलन न्यूनतम केले. तेथे वजन गौण आहे. क्राट्की व पोरोड यांच्या १९४९ च्या प्रतिमानात रेणूंच्या साखळीला उष्णतेने होणारी हालचाल मोजली जाते. तेथे एकच न्यूनतम आकार पुरत नाही. सर्व आकारांची सरासरी घ्यावी लागते. डीएनएचा रेणू सुमारे ५० नॅनोमीटरपर्यंत आपली दिशा राखतो, हे त्यातूनच समजते.

निष्कर्ष :
तात्पर्य, 'ऊर्जा न्यूनतम होते' हे विधान अपूर्ण आहे. कोणती ऊर्जा, कोणत्या बंधनाखाली आणि कोणत्या भारासह, हे सांगितल्यावरच त्यास अर्थ प्राप्त होतो. नळदुर्गची कमान साखळीच्या सूत्राचे उदाहरण म्हणून नव्हे, तर त्या सूत्राच्या मर्यादेचे उदाहरण म्हणून वर्गात शिकवली जावी.