‘आयव्हॅन्हो’ आणि पीटरबरोची शकावली : एक फेरवाचन

इंग्रजी भाषेचा इतिहास शिकवताना नॉर्मन विजयाचे प्रकरण आले, की मी वर्गाला सर वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’ कादंबरीतला सुरुवातीचा प्रसंग सांगत असे. गळ्यात पितळेचा पट्टा अडकवलेला, डुकरे राखणारा गर्थ आणि त्याचा सोबती विदूषक वाम्बा रानात बोलत बसले आहेत. वाम्बा म्हणतो, जनावर राखायचे असते तोवर ते सॅक्सन भाषेतले ‘स्वाइन’. कापून सरदाराच्या पानात पडले की नॉर्मन भाषेतले ‘पोर्क’. बैलाचेही तेच. गोठ्यात ‘ऑक्स’, ताटात ‘बीफ’. मुले हसत. आमच्या बेळगावात हा विनोद फोड करून सांगावा लागत नाही. घरी मराठी, बाजारात कानडी आणि नोकरीच्या अर्जात इंग्रजी अशा वातावरणात वाढलेल्या मुलाला कोणता शब्द कोठे उभा राहतो आणि कोठे बसतो हे न शिकवता कळते.

निवृत्तीनंतर फुरसतीने पीटरबरोच्या मठातील इतिवृत्त आधुनिक इंग्रजीत समग्र वाचले, आणि इतकी वर्षे रंगवून सांगितलेली ती गोष्ट आपण भलत्याच जागी ठेवली होती असे वाटू लागले. या इतिवृत्ताला बखर म्हणण्याचा मोह होतो, पण ते खरे नाही. ही वर्षावार नोंदींची वही आहे. आपल्या जेधे शकावलीच्या जातीची. म्हणून मी तिला शकावलीच म्हणतो.

प्रथम स्कॉटविषयी. ‘आयव्हॅन्हो’ १८१९ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाली. तिचे कथानक घडते ११९४ च्या सुमारास. विजयाला सव्वाशे वर्षे उलटली तरी सॅक्सन आणि नॉर्मन हे तेल आणि पाण्यासारखे वेगळे राहिले आहेत, यावर तिचा सारा डोलारा उभा आहे. पण ११७० च्या दशकाच्या अखेरीस राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने आपल्या लॅटिन ग्रंथात लिहून ठेवले आहे, की लग्नसंबंध इतके झाले आहेत की स्वतंत्र माणसांत इंग्रज कोण आणि नॉर्मन कोण हे आता ओळखता येत नाही. (कुळांची गोष्ट त्याने वेगळी काढली आहे, हे विसरू नये.) दोन-तीन शतकांच्या चालीरीती आपल्या हातून एकत्र झाल्या असतील, अशी कबुली स्कॉटनेच प्रस्तावनेत देऊन ठेवली आहे, तेव्हा तपशिलाच्या चुका मोजत बसणे हा कद्रूपणा होईल. माझा आक्षेप निराळा आहे. त्याने जेत्यांचे राज्य जेवणाच्या टेबलावर दाखवले. ते तेथे नव्हते.

मग कोठे होते? काही हजार माणसे समुद्र ओलांडून आली, आणि अंदाजे १५ ते २० लाखांच्या देशावर त्यांना बसायचे होते. सुरुवातच भीतीने झाली. २५ डिसेंबर १०६६ रोजी वेस्टमिन्स्टरला विल्यमचा राज्याभिषेक झाला. हा राजा तुम्हांला मान्य आहे का, असे जमलेल्यांना दोन भाषांतून विचारण्यात आले : यॉर्कच्या आर्चबिशपने इंग्रजीतून, कूतांसच्या बिशपने फ्रेंचमधून. आत होकाराचा गजर झाला. बाहेर पहाऱ्यावरच्या नॉर्मन शिपायांना त्या परक्या आरोळ्यांत बंडाचा वास आला आणि त्यांनी आसपासची घरे पेटवून दिली. दुभाषी समारंभाचे इतके भयंकर वर्णन मी दुसरे वाचलेले नाही.

या भीतीवरचा पहिला उपाय म्हणजे किल्ला. मातीचा उंच ढीग, त्यावर लाकडी बुरूज, खाली कुंपण घातलेले आवार. लिंकन गावात अशा एका किल्ल्यासाठी १६६ घरे गेली. दुसरा उपाय कायद्याचा. एखादा माणूस मारलेला सापडला आणि तो इंग्रज होता असे सिद्ध करता आले नाही, तर तो नॉर्मन समजून साऱ्या परगण्याने दंड भरायचा. ही तरतूद १३४० पर्यंत टिकली. आणि तिसरा, माझ्या मते सर्वांत खोल गेलेला उपाय म्हणजे जमिनीची नोंद.

१०८५ च्या नाताळात ग्लॉस्टरला विल्यमने पाहणीचा हुकूम दिला आणि पुढच्या वर्षी तेरा हजारांहून अधिक गावांची झडती झाली. एडवर्ड राजाच्या वेळी जमीन कोणाची, आता कोणाची; नांगर किती; तेव्हा उत्पन्न काय, आता काय. केंब्रिजशायरच्या पंचांच्या याद्या उपलब्ध आहेत, त्यांत निम्मे इंग्रज आणि निम्मे फ्रेंच. म्हणजे साक्ष दोन्ही बोलींतून झाली, पण बुकात उतरली ती लॅटिनमध्ये. ज्याच्या शेताचा उतारा त्यालाच वाचता येत नाही त्याची स्थिती आपल्या भागातल्या वाचकाला काय सांगावी! लोकांनी त्या दफ्तराला ‘डूम्सडे’ म्हटले, म्हणजे अंतिम निवाड्याचा दिवस; कारण त्याच्यावर अपील नाही.

साहित्याचा विद्यार्थी म्हणून मला या रूक्ष दफ्तराची लेखनशैली स्कॉटच्या संवादांपेक्षा अधिक बोलकी वाटते. काळ मोजायचा तो एडवर्डपासून थेट विल्यमपर्यंत. मधे हॅरल्ड नावाचा अभिषिक्त राजा होऊन गेला. त्याला येथे बहुतेक ठिकाणी नुसता ‘अर्ल’ म्हटले आहे. शिव्या नाहीत, खंडन नाही; एक पदवी गाळली आणि राज्य पुसले. यॉर्कशायरच्या पानांवर गावामागून गाव ‘ओसाड’ असा शेरा येतो. प्रत्येक ओसाडीचे कारण तेच असेल असे नाही, परंतु १०६९-७० च्या हिवाळ्यात विल्यमने उत्तरेकडची गावे, धान्य आणि गुरे जाळली होती, हे त्या शेऱ्यात कोठेच नाही. आणि या बुकात राजाकडून थेट मोठी जमीन धरणारे इंग्रज शोधू गेले तर दोनच नावे सापडतात : वॉरिकचा थॉर्केल आणि लिंकनचा कोल्स्वाइन.

आता भाषेकडे. विल्यमला इंग्रजीचा द्वेष होता असे दिसत नाही. त्याचे सुरुवातीचे हुकूम इंग्रजीतच आहेत. लंडन शहराला दिलेली सनदही इंग्रजीत. ऑर्डेरिक सांगतो की त्याने उतारवयाकडे झुकताना ती भाषा शिकण्याचा प्रयत्नही केला, पण जमले नाही. १०७० च्या सुमारास हुकूम लॅटिनमध्ये निघू लागले. बंदीचा फतवा निघाल्याने हे झाले नाही. मेजावर बसणारी माणसे बदलली. विल्यम वारला तेव्हा, १०८७ साली, देशात एकच इंग्रज बिशप उरला होता : वूस्टरचा वुल्फस्टन.

पीटरबरोची वही याची साक्षीदार आहे. १०८७ च्या नोंदीत विल्यमवर लिहिणारा आपण त्याला प्रत्यक्ष पाहिल्याचे सांगतो. त्याने बांधलेले किल्ले, गरिबांची पिळवणूक, हरणांवरची त्याची माया आणि ते मारणाऱ्याचे काढलेले डोळे हे सारे तो नोंदवतो. आणि त्याच्या राज्यात सोने घेऊन निर्भयपणे फिरता येई, हेही नोंदवतो. असा तोल स्कॉटजवळ नाही. पुढे, ११३२ नंतरच्या भागात भाषेच्या विभक्ती ढासळतात, लेखन चाचपडते आणि फ्रेंच शब्द शिरतात. कोणते? ‘प्रिझन’, ‘जस्टिस’, ‘कोर्ट’, ‘ट्रेझर’ यांचे पूर्वज. ‘कासल’ तर विजयाच्याही आधी, १०५१ च्या नोंदीत येऊन बसला होता. ‘पोर्क’ आणि ‘बीफ’ इंग्रजीत दिसू लागतात ते १३०० च्या आसपास, जेव्हा फ्रेंच कोणाची मातृभाषा म्हणून फारशी उरलीच नव्हती. तुरुंग आधी आला, स्वयंपाकघर दीड शतकानंतर. मी वर्गात हा क्रम उलटा सांगत होतो.

याच भागात स्टीफन राजाच्या अंदाधुंदीची प्रसिद्ध नोंद आहे. किल्ले तेच, पण आता ते राजाच्या हातात नाहीत. प्रत्येक सरदार आपापल्या किल्ल्यात माणसे कोंडून, धुराने गुदमरवून पैसा काढतो आहे. विल्यमने देश बांधून ठेवण्यासाठी उभारलेले यंत्र त्याच्या नातवाच्या हातून सुटले, ते असे. लिहिणाऱ्याचे व्याकरण मोडके आहे, पण त्या शतकातले इतके जिवंत इंग्रजी गद्य मला दुसरे ठाऊक नाही.

शेवटची नोंद ११५४ ची. मठाला नवा महंत मिळाला आहे, त्याचे आडनाव फ्रेंच, आणि त्याने सुरुवात चांगली केली असे लिहून लेखकाने त्याच्यासाठी प्रार्थना केली आहे. तेथे शकावली थांबते. ती वही आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. तिच्या अखेरच्या पानांच्या समासात, मूळ इंग्रजी मजकुराला वळसा घालत, तेराव्या शतकात कोणीतरी इंग्लंडचा एक छोटा इतिहास लिहून ठेवला आहे. तो फ्रेंचमध्ये आहे.