एका स्पॅनिश विरहगीताचें पालुपद

ज्याच्या नांवांतच थोडीशी अवहेलना आहे, असें प्रेमगीत क्वचितच आढळतें. ‘दे मूसिका लिहेरा’ या स्पॅनिश शब्दांचा सरळ अर्थ ‘हलक्याफुलक्या संगीताचें’ असा होतो. असल्या संगीतास आपल्याकडे आकाशवाणीनें ‘सुगम’ म्हटलें. त्या नांवांत ऐकणाऱ्याची सोय पाहिली आहे, स्पॅनिश नांवांत मात्र वस्तूचें वजन केलें आहे. आर्जेंटिनांतील ‘सोदा स्तेरेओ’ या तिघांच्या रॉक वाद्यवृंदानें १९९० सालीं ‘कान्सिओन आनिमाल’ या संग्रहांत हें गीत प्रसिद्ध केलें. गायक अर्थात् गुस्तावो सेराती.

कथानक म्हणावें तर जवळजवळ नाहींच. ती लोकांच्या गर्दीच्या उबेंत निजली. तो जागा झाला आणि तिला स्वप्नांत पाहूं इच्छूं लागला. प्रेमाचे सापळे आपल्याला कधीं चुकवितां आले नाहींत, असें तिला लिहून कळवावें, हें एके काळीं त्याच्या मनांत आलें होतें. पुढें, गुलाबांची राख तिला पाठविणार नाहीं, असेंही तो सांगतो. ताटातूट कां झाली, दोष कोणाचा, याविषयीं अक्षर नाहीं. माझ्या विद्यार्थ्यांना ही उणीव वाटते. मला ती गीताची शालीनता वाटते.

खरी मेख पालुपदांत आहे. कडव्यांत ‘ती’ निराळी आणि ‘मी’ निराळा. प्रेमाची हकीकत सारी भूतकाळांतली. पालुपदांत काळ एकदम वर्तमान होतो. त्या प्रेमापासून सुटका करील असें कांहीं नाहीं, आणि दुसरें कांहीं उरलेलेंही नाहीं, हीं दोन विधानें तेथें शेजारीं शेजारीं बसतात. पण सुटका नाहीं ती कोणाची ? येथें प्रथमपुरुषी अनेकवचन येतें, आणि मराठी भाषांतरकार अडखळतो. कारण ‘आम्ही’ व ‘आपण’ हा भेद आपल्या भाषेंत आहे, स्पॅनिशमध्यें नाहीं. ‘आम्हांला’ म्हटलें तर तो आणि ती. तुटलेलें जोडपें निदान व्याकरणापुरतें पुन्हां एकत्र आलें. ‘आपल्याला’ म्हटलें तर समोरचा श्रोताही त्यांत ओढला गेला. गीतभर ‘ती’चाच विचार चालला असल्यामुळें पहिला अर्थ मला मूळचा वाटतो.

श्रोत्यांनीं मात्र दुसरा उचलला. तेच ते चार स्वरमेळ फिरून फिरून येतात; चाल कोणालाही गळ्यावर घेतां येईल अशी. हें विरहगीत नसून उत्सवगीत आहे, असा आक्षेप त्यामुळेंच निघतो. २० सप्टेंबर १९९७ रोजीं ब्यूनोस आयर्स येथें, रिव्हर प्लेट संघाच्या क्रीडांगणावर, या वाद्यवृंदानें निरोपाचा जलसा केला आणि त्याची अखेर याच गीतानें केली. त्या रात्रीं ताटातूट होत होती ती तिघा सहकाऱ्यांची व त्यांच्या श्रोत्यांची. पहिल्या कडव्यांतली गर्दीची ऊब प्रत्यक्ष समोर उभी होती. उत्सव होता खरा, पण तो निरोपाचाच.

२००७ सालीं तिघे पुन्हां एकत्र आले. पुढें २०१० च्या मे महिन्यांत काराकास येथील जलशानंतर सेराती यांस पक्षाघात झाला. चार वर्षें बेशुद्धींत राहून ४ सप्टेंबर २०१४ रोजीं ते वारले.

माझ्या भाषांतराच्या वहींत पालुपदाच्या ओळींत ‘आम्हांला’ लिहून खोडलेलें आहे. त्यावर ‘आपल्याला’ असें शिसपेन्सिलीनें लिहिलें आहे. शाईनें अद्याप गिरविलेलें नाहीं.